निवृत्तीनंतर खाजगी आरोग्यविमा: ज्येष्ठांसाठीची पॉलिसी, फ्लोटर की सुपर टॉप-अप?

त्रिमूर्तीनगरवासी (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या ३१ मे रोजी मी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी कारखान्यातून निवृत्त होत आहे. माझे वय ६०, पत्नीचे ५७. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे; पत्नीला थायरॉइड आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आजवर कंपनीच्या समूह विम्यात आम्हा दोघांना पाच लाखांचे संरक्षण होते, म्हणून मी या विषयाकडे कधी लक्षच दिले नाही. मागच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागात चौकशी केली, तेव्हा हे संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते असे कळले.

त्यानंतर मी तीन ठिकाणांहून हप्त्याचे आकडे मागवले. पहिली ज्येष्ठ नागरिकांसाठीची खास पॉलिसी, दुसरी दोघांची मिळून दहा लाखांची फॅमिली फ्लोटर आणि तिसरी म्हणजे पाच लाखांची मूळ पॉलिसी व तिच्यावर वीस लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे पाच लाखांच्या पुढच्या खर्चासाठीचा जोडविमा. पहिलीचा हप्ता सर्वांत कमी आहे आणि दुसरीचा जवळजवळ त्याच्या दुप्पट. माहितीपत्रके समोर ठेवून दोन संध्याकाळी बसलो, पण एवढा फरक कशामुळे पडतो हे मला नीट उमगले नाही. ईपीएफची पेन्शन तुटपुंजी आहे, त्यामुळे दरवर्षी हा हप्ता बचतीच्या व्याजातून भरावा लागेल. ज्यांनी साठीनंतर प्रत्यक्ष दावा केलेला आहे, त्यांनी आपला अनुभव आकड्यांसह सांगितला तर उपकार होतील.

निवृत्त लेखापाल, प्रतापनगर

आपण आकडे मागितलेत, म्हणून माझ्या घरचेच देतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया धंतोलीतील एका रुग्णालयात झाली आणि त्यात गुंतागुंत झाल्याने पाच दिवस तेथे राहावे लागले. आमची पॉलिसी ज्येष्ठ नागरिकांसाठीचीच होती. विमा रक्कम चार लाख, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये, आणि प्रत्येक दाव्यात २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा. दोन खाटांची खोली शिल्लक नव्हती, म्हणून ६,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. दिवसाचे वरचे दोन हजार आपण भरू, पाच दिवसांचे दहा हजार होतील, असा मी मनाशी हिशेब केला होता.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. बिल २,७८,००० रुपयांचे झाले. त्यात खोलीभाडे ३०,०००. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,५०,०००. औषधे व तपासण्या ९०,०००. आणि हातमोजे, मास्क यांसारख्या देय नसलेल्या वस्तूंचे ८,०००. खोलीभाड्यापैकी २०,००० मंजूर झाले, हे अपेक्षित होते. पण मर्यादेपेक्षा दीडपट भाड्याची खोली घेतल्यामुळे त्या दीड लाखाच्या खर्चालाही एक-तृतीयांशाची कात्री लागली आणि त्यातले एक लाखच धरले गेले. औषधे आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, म्हणून ते ९०,००० पूर्ण धरले. बेरीज झाली २,१०,०००. त्यातून २० टक्के को-पे वजा जाऊन कंपनीने दिले १,६८,००० आणि माझ्या खिशातून गेले १,१०,०००.

टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, कागदावर लाल शाईने खूण करून मी तो हिशेब तीन वेळा तपासला. चूक कोठेही नव्हती. हे सगळे पॉलिसीच्या अकराव्या पानावर लिहिलेले होते आणि मी ते पान वाचलेले नव्हते. आपल्याला आलेल्या पहिल्या पॉलिसीचा हप्ता कमी का आहे, याचे उत्तर बहुधा तिच्याही अशाच एखाद्या पानावर असेल. खोलीभाड्याची मर्यादा, को-पे आणि आजारनिहाय उपमर्यादा या तीन गोष्टी आधी शोधा. विमा रकमेचा मोठा आकडा त्यानंतर पाहा.

विमा सल्लागार, मनीषनगर

मी या व्यवसायात आहे आणि पॉलिसी विकल्यावर मला कमिशन मिळते. हे आधीच सांगतो, म्हणजे माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचता येईल.

लेखापाल साहेबांनी लिहिलेले अगदी बरोबर आहे. त्यांच्या अनुभवामागचे नागपूरचे एक कारण मात्र नोंदवावेसे वाटते. धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालयांत केवळ शहरातले रुग्ण नसतात. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ इथून लोक येतात. त्यामुळे आपल्या मर्यादेत बसणारी खोली त्या दिवशी मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. रुग्ण स्ट्रेचरवर असताना कोणी दुसरे रुग्णालय शोधत फिरत नाही. म्हणून मी ज्येष्ठांना खोलीभाड्याची रुपयांत मर्यादा नसलेली, निदान ‘साधी स्वतंत्र खोली’ असा स्पष्ट उल्लेख असलेली पॉलिसीच सुचवतो, मग त्यासाठी विमा रक्कम थोडी कमी घ्यावी लागली तरी चालेल.

आता सुपर टॉप-अपबद्दल. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत लोक हमखास गल्लत करतात. समजा, डिडक्टिबल, म्हणजे ज्याच्या पुढच्याच खर्चाला हा विमा लागू होतो ती रक्कम, पाच लाखांचे आहे आणि एका वर्षात दोनदा भरती व्हावे लागले, एकदा साडेतीन लाख आणि एकदा चार लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे पाहतो. दोन्ही बिले पाच लाखांच्या आत असल्याने तो एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षभराच्या खर्चाची बेरीज करतो; साडेसात लाखांपैकी पहिले पाच मूळ पॉलिसी देते आणि उरलेले अडीच तो देतो. साठीनंतर एकाच वर्षात दोनदा भरती होणे मुळीच दुर्मिळ नाही. आपल्या तिसऱ्या पर्यायात ‘सुपर’ हा शब्द कागदावर छापलेला आहे ना, तेवढे तपासा. दोन पॉलिसी दोन कंपन्यांच्या असतील तर पहिलीचा दावा निकाली निघाल्यावर तिचे मंजुरीपत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती दुसरीकडे द्याव्या लागतात. हे काम कटकटीचे आहे, पण होते.

सर्वांत महत्त्वाचे: ३१ मेची वाट पाहू नका. समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि समूह विम्यात काढलेल्या वर्षांचे श्रेय प्रतीक्षा कालावधीत (सुरुवातीचा असा काळ, ज्यात काही आजारांचे दावे मिळत नाहीत) धरले जाते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी २०२४ च्या नियमांनुसार कमाल ३६ महिने आहे. पूर्वी तो ४८ होता. आपल्या मधुमेहासाठी ही वर्षे आधीच भरली असतील, तर ते श्रेय वाया घालवू नये. मात्र ते जुन्या विमा रकमेपुरतेच मिळते. वाढीव रकमेसाठी कालावधी नव्याने सुरू होतो. कंपनी प्रकृतीची तपासणी करून निर्णय घेते, त्यामुळे अर्ज दीड-दोन महिने आधी गेलेला बरा. कामावर असतानाच मनुष्यबळ विभागाकडून समूह विम्यात किती वर्षे होतो याचे पत्र लेखी घ्या. नंतर ते मिळवताना दमछाक होते.

एक लेक, खामला

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी खाजगी पॉलिसी शोधताना दोन कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा आम्ही आयुष्मान वय वंदना कार्ड काढले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. आई-वडील दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. वय आधार कार्डावरून धरतात. प्रतीक्षा कालावधी नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्ये असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते.

उपचार फक्त योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजनुसार होतात. वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय यादीत नव्हते, म्हणून आम्हाला दुसरीकडे जावे लागले. उपचार चांगले झाले, पण चार दिवस आधी यादी पाहून ठेवली असती तर धावपळ वाचली असती. धागाकर्त्या काकांना हे कार्ड मिळायला अजून दहा वर्षे आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मात्र आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लागू आहे, तिची चौकशी जरूर करावी.

त्रिमूर्तीनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. लेखापाल साहेबांचा हिशेब वाचून पहिल्या पॉलिसीची शर्तपत्रिका पुन्हा उघडली. खोलीभाडे एक टक्का, को-पे ३० टक्के, मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे वेगळी उपमर्यादा. हप्त्याचा फरक कोठून येतो ते कळले.

आता माझा प्रश्न फ्लोटरचा आहे. दोघांची मिळून दहा लाखांची एक पॉलिसी की प्रत्येकाची पाच-पाच लाखांची वेगळी? आणि सल्लागार साहेब, अर्जात मधुमेह लिहिला तर हप्ता वाढेल, तो ‘नुकताच निघाला’ असे लिहू, असे एका प्रतिनिधीने मला सुचवले आहे. हे योग्य आहे का?

विमा सल्लागार, मनीषनगर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मुळीच योग्य नाही. त्या प्रतिनिधीकडून पॉलिसी घेऊच नका.

माझ्याकडे गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. दुसऱ्या कोणीतरी त्यांचा अर्ज भरताना मधुमेहासमोर ‘नाही’ अशी खूण केली होती आणि यांनी न वाचता सही केली होती. दुसऱ्या वर्षी पायाच्या जखमेसाठी भरती झाले. भरतीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘मधुमेह, १२ वर्षे’ असे लिहिले, आणि तेवढ्यावर दावा तर फेटाळला गेलाच, पॉलिसीही रद्द झाली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे खरे आहे. पण ती पाच वर्षे निरोगी जातील या भरवशावर साठीच्या माणसाने खोटे लिहिणे म्हणजे हप्ते पाण्यात घालणे आहे. आणि शेवटी ते जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तरच असते. नऊ वर्षे आहेत तर नऊच लिहा. गोळ्यांची नावे लिहा, शेवटचा एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) जोडा. कंपनी हप्त्यावर लोडिंग, म्हणजे आजारामुळे जादा रक्कम, लावेल किंवा प्रतीक्षा कालावधी ठेवेल. तेवढे सोसा.

फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. आपल्या दोघांत तीनच वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे त्यात फारसे नुकसान नाही. पण उतारवयात दोघांनाही एकाच वर्षी खर्च येऊ शकतो, आणि एकाच्या मोठ्या आजाराने सामायिक रक्कम संपली तर दुसऱ्याला काही उरत नाही. माझे मत वैयक्तिक पॉलिसींकडे झुकते; परवडत नसेल तर फ्लोटर घेऊन वरून सुपर टॉप-अप घ्या.

हिंगणा रोड

मी वेगळे मत मांडतो. माझे वय ६८, विमा नाही. गेली आठ वर्षे दरवर्षी हप्त्याएवढे साठ हजार रुपये वेगळ्या मुदत ठेवीत टाकतो आहे. आज व्याजासह साडेपाच-सहा लाख जमले आहेत आणि ते माझे आहेत. कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जुन्या करप्रणालीत, विमा नसलेल्या ज्येष्ठांना औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० पर्यंत वजावटही मिळते. ज्यांची शिस्त आहे त्यांनी हा मार्ग का घेऊ नये?

निवृत्त लेखापाल, प्रतापनगर

आपली शिस्त खरोखर वाखाणण्यासारखी आहे आणि आठ वर्षे प्रकृतीने साथ दिली याचा आनंद आहे. माझी शंका इतकीच की दुसऱ्याच वर्षी बायपास करावी लागली असती तर त्या ठेवीत सव्वा लाख रुपये असते. ठेव हळूहळू वाढते, आजार मात्र वेळ पाहून येत नाही. आज आपल्याजवळ सहा लाख आहेत, म्हणजे पाच लाखांचे डिडक्टिबल आपण स्वतः भरू शकता. मूळ पॉलिसी नसली तरी सुपर टॉप-अप घेता येतो, कारण डिडक्टिबल कोणी भरले याला महत्त्व नसते. त्याचा हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. पूर्वी कंपन्यांना ६५ वर्षांपर्यंतच्यांनाच विमा देणे बंधनकारक होते, २०२४ पासून सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवणे बंधनकारक आहे, त्यामुळे विचारून पाहायला हरकत नाही. आपली ठेव आणि असा सुपर टॉप-अप, ही जोडी मला या सगळ्या चर्चेतली सर्वांत भक्कम वाटते. मी स्वतः ६० व्या वर्षी हे केले असते तर बरे झाले असते.

कराबद्दल एक भर: विम्याच्या हप्त्यावरही ज्येष्ठांना ५०,००० पर्यंतची वजावट मिळते, पण तीही जुन्या प्रणालीतच, नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व फ्लोटर आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. धागाकर्त्यांना मिळालेल्या आकड्यांत तो कोणी चुकून धरला नाही ना, ते पाहावे. समूह पॉलिसींना ही सूट नाही, हे समूह पॉलिसीत असलेले निवृत्त बँक कर्मचारी वाचत असतील तर त्यांनी हप्त्यांची तुलना करताना लक्षात ठेवावे.

हिंगणा रोड

सुपर टॉप-अप मूळ पॉलिसीशिवाय घेता येतो हे मला माहीत नव्हते. या आठवड्यात चौकशी करतो.

वाचक, गोधनी

गंभीर आजारांची पॉलिसी, ज्यात कर्करोग किंवा पक्षाघाताचे निदान झाले की ठरलेली रक्कम एकरकमी मिळते, ती साठीनंतर घ्यावी का?

विमा सल्लागार, मनीषनगर

पहिली पॉलिसी म्हणून नको. ती रुग्णालयाचे बिल पाहत नाही, यादीतला आजार व्याख्येत बसला तरच पैसे देते, आणि या वयात हप्ता चढा असतो. दिवसाला ठरावीक रोकड देणाऱ्या पॉलिसींबाबतही हेच सांगेन.

आणखी एक गोष्ट, कारण बहुतेक ज्येष्ठ हप्तावाढीच्या भीतीने विमा सोडतात. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी नियामकाशी विचारविनिमय करणे कंपन्यांना बंधनकारक केले. कॅशलेस (बिल कंपनी थेट रुग्णालयाला देते अशा) भरतीच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असाही नियम आहे. डिस्चार्जच्या दिवशी तासन्‌तास बसवून ठेवले तर हा नियम नावानिशी सांगा. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही.

त्रिमूर्तीनगरवासी

गेले दहा दिवस या धाग्यातल्या सूचनांप्रमाणे काम केले, त्याचा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

मनुष्यबळ विभागाने पत्र दिले: समूह विम्यात सलग अकरा वर्षे, पत्नीचे नाव सात वर्षांपासून. त्याच विमा कंपनीकडे दोघांसाठी पाच-पाच लाखांच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज केला आहे. त्यात खोलीभाड्याची रुपयांत मर्यादा नाही आणि को-पे नाही. हप्ता पहिल्या पर्यायापेक्षा बराच जास्त आहे, पण तो बसावा म्हणून मी दहा लाखांचा हट्ट सोडला. वरच्या मोठ्या खर्चासाठी पाच लाख डिडक्टिबलचा वीस लाखांचा सुपर टॉप-अप दोघांत मिळून घेतो आहे. त्याच्या शर्तपत्रिकेत वर्षभराची बेरीज धरण्याचे कलम मी स्वतः वाचले.

अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला. मधुमेह, नऊ वर्षे. पत्नीने तिच्या रकान्यात थायरॉइड व रक्तदाबाबरोबर २०११ मधली गर्भाशयाची शस्त्रक्रियाही लिहिली. ती माझ्या लक्षातही नव्हती. तिने कपाटातून जुने डिस्चार्ज कार्ड काढून आणले, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, आणि त्याची प्रत जोडली. वैद्यकीय तपासणी येत्या गुरुवारी सकाळी उपाशीपोटी आहे.

धंतोली आणि रामदासपेठेतील तीन रुग्णालयांत जाऊन मी स्वागतकक्षात दोनच प्रश्न विचारले: आमच्या कंपनीची कॅशलेस सोय आहे का, आणि साध्या स्वतंत्र खोलीचे आजचे भाडे किती? एका ठिकाणी कॅशलेस बंद झाल्याचे कळले, जरी कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत त्या रुग्णालयाचे नाव अजून आहे. उरलेल्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक, पॉलिसी क्रमांकासाठी मोकळी जागा आणि आम्हा दोघांच्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दाराला लावला आहे. तपासणीचा निकाल आणि कंपनीने लोडिंग किती लावले, ते येथेच कळवतो.